खबर आणि हमी

नोकरी मिळायला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. जागा रिकामी आहे ही खबर माणसापर्यंत पोचली पाहिजे, आणि हा माणूस कामाचा आहे अशी हमी मालकापर्यंत पोचली पाहिजे. पहिली नसेल तर माणूस दारापर्यंत जात नाही; दुसरी नसेल तर दार उघडत नाही. समाजमाध्यमे आणि ब्लॉग यांनी नोकरभरतीचे जुने जग मोडले, आता वशिला नको, ओळख नको, आपले काम चारचौघांसमोर मांडले की संधी आपण होऊन चालत येते, असे गेली पंधरा-वीस वर्षे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. ते किती आणि कुणापुरते, हे ठरवायला मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या भरतीचा इतिहास फार उपयोगी पडतो, कारण दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या लाखो माणसांना पगारी कामावर घेण्याचा आपल्याकडचा एक फार मोठा प्रयोग तिथे झाला. त्या इतिहासातून मला दिसते ते असे : खबर सर्वदूर पोचवण्याचे उपाय आपण अनेकदा केले, पण हमीचा प्रश्न जवळजवळ दर वेळी ओळखीपाळखीवर सोडून दिला, आणि खबर व हमी या दोन्ही ज्याच्या हातात एकवटतात तो भरतीचा खरा धनी होतो, मग तो गिरणीतला जॉबर असो की पडद्यामागची एखादी संगणकीय यंत्रणा.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून, पुढे संयुक्त प्रांतातूनही, माणसे येत राहिली. या माणसांना गिरणीच्या कचेरीने कामावर घेतले नाही. साहेब आणि खात्याचे मास्तर भरतीत क्वचितच पडत. सुरुवातीच्या काळात लँकेशायरहून आणलेल्या मास्तरांना तर कामगारांची बोलीही कळत नसे. माणूस आणायचा जॉबरने, साच्यावर उभा करून शिकवायचा जॉबरने, त्याच्या कामावर नजर ठेवायची जॉबरने आणि काढायचाही जॉबरनेच. बायकांच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत हेच काम नायकीण करी. रोज पाळी सुरू होण्याआधी दाराशी बदली कामगारांचा घोळका जमे, आणि ज्यांचा खाडा पडला असेल त्यांच्या जागी त्या दिवशी कोण उभे राहणार हे जॉबरच्या नजरेवर ठरे. कापसाचा भाव आणि सुताचा बाजार सतत वरखाली होत असल्यामुळे गिरणीवाल्यांना लागतील तेव्हा वाढवता येतील आणि नको तेव्हा कमी करता येतील अशी माणसे हवी होती. ती सोय जॉबर करून देत असे, म्हणून मालकांनी त्याला इतकी सत्ता सुखाने दिली.

पण कामगाराने ती का मान्य केली? याचे उत्तर पगाराच्या तारखेत आहे. मजुरी महिन्याला मिळे आणि तीही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या बरोबरीने एक मागणी अशी होती की, पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पंधरा तारीख ही ज्या काळी मागणी होती, त्या काळात गावाहून नव्याने आलेल्या माणसाला पहिला पगार हातात पडेपर्यंत दीड महिना किंवा त्याहून अधिक काळ उधारीवर काढावा लागे. त्या काळात त्याला झोपायला गाववाल्यांच्या खोलीत जागा लागे, जेवायला खानावळवाल्या बाईचा विश्वास लागे, वाण्याकडे कुणीतरी त्याचे नाव सांगावे लागे. अनोळखी माणसाला हे काहीच मिळत नव्हते. म्हणून गावातून मुंबईला निघताना तरुण कामगार एखाद्या गिरणीचा पत्ता घेऊन निघत नसे, भावकीतल्या किंवा गावातल्या माणसाचा पत्ता घेऊन निघे. तो माणूस त्याला जॉबरसमोर उभा करी आणि त्याच्याबद्दल शब्द टाकी. नवा माणूस पळाला किंवा त्याने भांडण काढले तर शब्द टाकणाऱ्याची पत जाई. खबर आणि हमी अशा रीतीने एकाच वाटेने चालत होत्या, आणि त्या वाटेच्या टोकाला जॉबर बसला होता.

त्याने या जागेची किंमत वसूल केली. कामाला लावण्याबद्दल दस्तुरी, काही ठिकाणी दर महिन्याचा हप्ता, त्यावर सावकारी, कधी चाळीतल्या खोल्यांचे भाडे किंवा खानावळीत भागी, अशी त्याची मिळकत अनेक बाजूंनी होती. जुन्या सरकारी अहवालांत जॉबर हा गिरणगावचा अनभिषिक्त राजा म्हणून दिसतो. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा जो सविस्तर इतिहास 1994 मध्ये प्रसिद्ध केला त्यात हे चित्र बरेच दुरुस्त झाले आहे. जॉबरची सत्ता त्याच्या आळीतल्या पतीवर उभी होती; वेळेला माणसे पुरवता आली नाहीत, किंवा त्याची माणसे दुसऱ्या जॉबरकडे गेली, तर त्याचीच जागा धोक्यात येई. माणसांची चणचण पडली की उलटे फासे पडत. 1896-97 च्या प्लेगात लोक गावाकडे पळाले तेव्हा गिरणीवाले रोजची मजुरी रोज द्यायला तयार झाले आणि नाक्यानाक्यावर वाढीव दराने माणसे मिळवू लागले. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. मध्यस्थाची ताकद ही त्याच्या अंगची नसते. एका बाजूला मालकाला हमी हवी असते, दुसऱ्या बाजूला कामगाराला खबर आणि तगून राहण्याचा आधार हवा असतो, आणि या दोन गरजा भागवणारी दुसरी वाट नसते तोवरच त्याची ताकद टिकते.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत ज्यांना कुणी आत आणणारेच नव्हते त्यांनी मोजली. गिरणीतले चांगल्या पगाराचे काम साचेखात्यात, म्हणजे विणाईत होते. धोट्यातली कांडी बदलली की नव्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या कताईच्या खात्यांतच अडकून राहिले. कोणत्याही गिरणीच्या दारावर तसा नियम लिहिलेला नव्हता. मालक म्हणत, आमची हरकत नाही, कामगारच ऐकत नाहीत. युनियनचे पुढारी म्हणत, या प्रश्नावर एकी मोडेल. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला आणि साचेखाते सर्वांना खुले झाले पाहिजे अशी मागणी धरली. त्या मागणीने उघड केलेली गोष्ट भरतीच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते : ओळखीतून होणाऱ्या भरतीला भेदभाव करण्यासाठी कुणाचा द्वेष करावा लागत नाही. प्रत्येक जण आपल्या माणसाला आत घेतो, एवढेच पुरते. जे आत नाहीत त्यांचा कुणी माणूस आत नसतो, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. याच नात्यागोत्याच्या जाळ्याने कामगारांना उभे केले, असे तो सांगतो. 1928 चा संप सुमारे सहा महिने चालला, तो गावाकडच्या धान्यावर, वाण्याच्या उधारीवर आणि एकाच खोलीत राहणाऱ्या गाववाल्यांच्या वाटणीवर. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हाही हजारोंना गावानेच पोसले. हे खरे आहे आणि त्यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. पण संकटात पोसणे हे एक काम आणि नोकरीच्या दाराशी पहारा करणे हे दुसरे. पहिले काम समाजाने केले याचा अर्थ दुसरेही त्याच्याच हाती असावे असा होत नाही. आणि ज्याला गावात ना जमीन होती ना पत, त्या दलित कामगाराला पहिल्या कामाचा आधारही तोकडाच मिळाला.

सरकारने जॉबरला बाजूला सारायचे ठरवले ते रॉयल कमिशन ऑन लेबरच्या 1931 च्या अहवालानंतर. भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी अशी त्याची शिफारस होती. 1935 पासून गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डे द्यायला सुरुवात केली, 1950 च्या सुमारास बदली कामगारांची नोंद एका योजनेखाली आली, आणि जॉबरचे भरतीचे अधिकार कागदावरून तरी आटले. देशपातळीवर जुलै 1945 मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रांची यंत्रणा उभी झाली, 1948 मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांकडे गेली. 1959 च्या कायद्याने सरकारी कार्यालये आणि 25 किंवा अधिक माणसे कामावर असलेले खासगी उद्योग यांना रिकाम्या जागा केंद्राला कळवणे बंधनकारक केले. हा फार चांगला विचार होता : खबर ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे मानणारा. पण त्याच कायद्यात असेही लिहिले होते की, केंद्राने पाठवलेल्या माणसालाच घेतले पाहिजे असे नाही. मालक जागा कळवत आणि माणूस आपल्या ओळखीतला घेत. 2010 च्या सुमारास देशभरातल्या केंद्रांच्या नोंदवह्यांत चार कोटींच्या आसपास नावे होती आणि त्यांच्यामार्फत वर्षाला होणाऱ्या नेमणुका पाच लाखांच्या आसपास. या अपयशाचे खापर आळशी कारकुनांवर फोडले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. केंद्राकडे माणसाचे नाव, जन्मतारीख आणि शिक्षण होते. तो कसे काम करतो हे सांगणारे काहीही नव्हते. खबर होती, हमी नव्हती, आणि एकट्या खबरीवर खासगी मालक हलला नाही. सरकारी नोकरीत हमीची जागा परीक्षेने घेतली, म्हणून तिथे खबर पसरण्याला अर्थ आला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ केंद्राकडून नावे न मागवता वृत्तपत्रांत आणि आकाशवाणी-दूरदर्शनवरही जागा जाहीर कराव्यात असे सांगितले, ते या दिशेनेच.

वृत्तपत्रातल्या जाहिरातीनेही खबर मोकळी केली. ती किती पुरली हे सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळते. इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. अर्ज उघडणारा माणूस हमी शोधत होता आणि ती त्याने आडनावात शोधली.

याच काळातला दुसरा पुरावा दादरचा आहे, आणि तो जास्त गुंतागुंतीचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबले पाहिजे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादर परिसरातल्या शाळांत शिकलेल्या मुलामुलींच्या जवळपास पाच हजार मराठी कुटुंबांची पाहणी करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. 1990 नंतर मुंबईत इंग्रजीला भाव आला, कचेऱ्यांतले पगार वाढले, गिरण्या आणि कारखाने ओसरले. अशा वेळी श्रमिक जातींतले पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतील अशी अपेक्षा होती. मुलग्यांच्या बाबतीत ते अपेक्षेहून कमी घडले : बापाच्या, काकाच्या ओळखीने कारखान्यात लागण्याची पिढीजात वाट उघडी होती, म्हणून मुलगे मराठी माध्यमातच राहिले. मुलींसाठी अशी कोणतीही वाट नव्हती, कारण त्या जाळ्यांत बायकांना जागाच नव्हती. त्यांच्यासाठी पालकांनी नवी शाळा निवडली आणि त्या भावांच्या पुढे निघाल्या. मराठी माध्यम कमी दर्जाचे असे मला यातून मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा असा की, ज्या ओळखीने आजोबांना मुंबईत उभे केले तिनेच नातवाला बुडत्या धंद्याकडे नेले. ओळखीचे जाळे बाहेरच्याला अडवते, तसेच आतल्यालाही बांधून ठेवते.

इंटरनेट या पार्श्वभूमीवर आले. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला ते सामान्यांना खुले केले आणि मार्च 1997 मध्ये संजीव बिखचंदानी यांनी नोकरी डॉट कॉम सुरू केले. कल्पनेचे मूळ साधे होते : आपल्या कचेरीतले सहकारी बिझनेस इंडिया हे पाक्षिक मागच्या पानांपासून वाचतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती तिथे असतात, हे त्यांनी पाहिले होते. सुरुवातीला वृत्तपत्रांतल्या जाहिराती गोळा करून संकेतस्थळावर टाकल्या जात. म्हणजे ही रोजगार केंद्राचीच कल्पना होती, अधिक चांगल्या यंत्रावर. तिने खबर इतकी स्वस्त केली की उलटाच प्रश्न उभा राहिला. अर्ज करायला पूर्वी टायपिस्ट, पाकीट, तिकीट लागे. आता एका जागेवर हजारो अर्ज येऊन पडू लागले. अर्ज वाचायला वेळ नाही म्हणून कंपन्या पुन्हा आपल्या कर्मचाऱ्यांकडे वळल्या : ओळखीचा चांगला माणूस सुचवा, तो लागला तर तुम्हाला बक्षीस देऊ. हिंजवडीतल्या आणि बंगळूरच्या कंपन्यांत ही रेफरलची पद्धत आज सर्रास चालते. खबर महाग होती तेव्हा मालक ओळखीवर विसंबत. ती अतिस्वस्त झाली तेव्हाही ओळखीवरच विसंबले.

लिंक्डइनचे वेगळेपण इथे कळते. मे 2003 मध्ये सुरू झालेले हे व्यासपीठ मुळात जाहिरातींचा फलक नव्हते. कोण कुणाला ओळखतो, आणि मला हव्या असलेल्या माणसापर्यंत मी किती ओळखींच्या अंतरावर आहे, याची ती जाहीर वही होती. त्यावर सहकाऱ्यांच्या शिफारशी. गाववाला जॉबरच्या कानात जो शब्द टाकी तो इथे लिहून सर्वांसमोर ठेवला जातो. ओळख संपवण्याचे आश्वासन देणारे माध्यम ओळखीच्याच पायावर उभे राहिले, आणि त्याचे यश पाहता हमीच्या प्रश्नाचे त्याच्या संस्थापकांचे निदान बरोबर होते असे म्हणावे लागते. त्याची मोठी कमाई आजही भरती करणाऱ्या कंपन्यांकडून येते. नोकरी शोधणाराही जास्तीच्या सोयींसाठी वर्गणी भरतो.

मग खरोखर नवे असे काय घडले? माझ्या मते नवेपण ब्लॉगमध्ये आहे, आणि त्याच्या मागून आलेल्या व्हिडिओत आणि उघड्यावर लिहिलेल्या संगणकीय प्रणालींत. ब्लॉगर ही सेवा 1999 मध्ये सुरू झाली आणि कुणाचीही परवानगी न घेता, छापखाना किंवा संपादक नसताना, आपण काय जाणतो हे जगासमोर लिहून ठेवण्याची सोय झाली. एखादा हिशेबनीस नव्या कराचे नियम उदाहरणांसह समजावतो, एखादी परिचारिका जखमेची निगा कशी राखावी हे दाखवते, एखादा फिटर पंपाचा बिघाड उलगडतो. हे पाहणाऱ्या परक्या माणसाला कुणाचा शब्द लागत नाही; कामच समोर असते. गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या बदलीकडे हे काहीही नव्हते. त्याचे कसब साच्यावरच दिसणार, आणि साच्यापर्यंत जायला जॉबर हवा. कामगाराने आपली हमी आपणच द्यावी, ही गोष्ट एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा शक्य झाली, आणि ज्याला आत कुणी ओळखीचे नाही त्याच्यासाठी तिचे मोल सर्वांत अधिक आहे. समाजमाध्यमांच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला दिसत नाही.

अशा स्वतःच दिलेल्या हमीच्या मर्यादाही मात्र खऱ्या आहेत. सगळे कसब दाखवता येत नाही. गोपनीय कागद हाताळणारा कारकून, रात्रपाळीचा पहारेकरी, घरकाम करणारी बाई यांच्या कामाचा गुण विश्वासूपणात असतो आणि तो पडद्यावर उमटत नाही. त्यांची भरती आजही ओळखीनेच होते. लिहायला वेळ लागतो, आणि दोन तास लोकलच्या गर्दीत घालवणाऱ्या माणसाकडे तो नसतो. जी भाषा भरती करणारा वाचतो तीत लिहावे लागते. बाईने नाव-छायाचित्रासह जाहीर लिहिले तर येणारा त्रास ही आणखी एक किंमत, पुरुषाला क्वचितच मोजावी लागणारी. शिवाय थोरात-अटेवेल यांच्या अर्जांत केवळ नाव होते; आजच्या प्रोफाइलमध्ये नाव, चेहरा, गाव, शाळा, कॉलेज आणि मित्रमंडळी सगळेच असते. ज्याला आडनावात हमी शोधायची सवय आहे त्याच्या हाती आपण अधिकच खुणा देतो.

ओळखीवरच्या या आक्षेपांना उत्तर म्हणून मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे संशोधन पुढे केले जाते. अमेरिकेतल्या न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या लोकांना भेटून त्यांनी 1973-74 मध्ये दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फार थोड्यांना ती रोज भेटणाऱ्या जवळच्या माणसाकडून मिळाली. बहुतेकांना कधीमधी भेटणाऱ्या दूरच्या परिचिताकडून. जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्याला आधीच माहीत असते. नवी खबर दुरूनच येते. गिरणगावची सारी ताकद जवळच्या नात्यांची होती, म्हणून ती गिरणीपाशीच थांबली, आणि लिंक्डइन नेमकी दूरची ओळख वाढवते, असा हा युक्तिवाद. तो मला मान्य आहे. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासाने त्याला बळकटीही दिली : लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या नोंदींतून असे दिसले की, मध्यम स्वरूपाच्या दूरच्या ओळखी नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडतात. पण हा अभ्यास झाला कसा, हेही वाचले पाहिजे. तुम्ही यांना ओळखत असाल, असे म्हणून व्यासपीठ जी नावे सुचवते, ती सुचवण्याची रीत वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळी ठेवण्यात आली होती. त्यातून कुणाच्या ओळखी बदलल्या आणि पुढे कुणाच्या नोकऱ्या. कोणता परिचित आपल्यासमोर यावा हे ठरवणाऱ्याच्या हाती आपली पुढची नोकरी काही अंशी असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. जॉबर निदान ओळखता येत होता; त्याला शिव्या घालता येत, त्याच्याविरुद्ध संप करता येई.

पडद्यामागची यंत्रणाच नवा जॉबर होईल, ही शंका काल्पनिक नाही. 2018 मध्ये बातमी आली की, अर्ज चाळण्यासाठी अॅमेझॉनने बनवलेली प्रायोगिक यंत्रणा बायकांच्या अर्जांना खाली ढकलत होती, कारण ती आधीच्या वर्षांतल्या, बहुतांश पुरुषांच्या, अर्जांवरून शिकली होती. कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला. मार्च 2019 मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या नागरी हक्क संघटनांशी तडजोड केली आणि नोकरीच्या जाहिराती वय, लिंग आणि राहण्याचा भाग यांच्यावरून ठरावीक लोकांनाच दाखवण्याची सोय काढून टाकायचे कबूल केले. या दुसऱ्या प्रकरणात कुणाचा अर्ज फेटाळला गेला नव्हता. जाहिरात काहींना दिसली, काहींना दिसलीच नाही. साचेखात्याच्या बाबतीत जे घडले तेच : नियम कुठे लिहिलेला नाही, आणि तरी काही माणसे बाहेर.

म्हणून मला वाटते की 1959 च्या कायद्यामागचा विचार टाकून न देता पुढे न्यायला हवा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत रोजगार केंद्राची व्याख्या एखाद्या पोर्टललाही लागू होईल इतकी रुंद केली आहे, ती दिशा योग्य आहे. पण जागा कळवण्याचे बंधन जाहिरात कुणाला दाखवली याला हात लावत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या व्यासपीठांना आपल्याकडच्या जाहिरातींचे सार्वजनिक भांडार ठेवायला लावले आहे. जाहिरात कुणी दिली, किती काळ चालली आणि कोणत्या निकषांवर कोणत्या गटाला दाखवण्यात आली हे त्यात नोंदवावे लागते, आणि 2023 पासून लिंक्डइनही त्या व्यासपीठांत मोडते. उद्योजक म्हणतील, नोंदींचा बोजा वाढेल आणि आमची भरतीची रीत स्पर्धकांना कळेल. बोजा मोठा नाही : ही माहिती जाहिरात देतानाच यंत्रावर भरलेली असते, आणि रेफरलचे बक्षीस वाटणाऱ्या कंपनीकडे कोण कुणाच्या शब्दावर आला याचा हिशेब असतोच. 1959 च्या कायद्याखाली उद्योगांना दर तिमाहीला एक विवरणपत्र भरावे लागत असे, आणि त्यात किती जागा रिकाम्या झाल्या व किती भरल्या हे लिहावे लागे. तशा पत्रात आणखी दोन रकाने हवेत : भरलेल्या जागांची जाहिरात कोणत्या निकषांनी कुणाला दाखवली, आणि घेतलेल्यांपैकी किती जण आधीच्या कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने आले.